व्हेनिस बिएनालेतील भारताचे दालन: एक खंडित इतिहास

नागपुरात चित्रकलेचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. व्हेनिस बिएनालेत, म्हणजे इटलीतील व्हेनिस शहरात साधारण दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, भारताचे पहिले राष्ट्रीय दालन २०११ मध्ये झाले असे काही ठिकाणी वाचायला मिळते, तर भारत तिथे पन्नासच्या दशकापासून जात होता असे इतरत्र लिहिलेले असते. यातले खरे काय? ब्रिटन, जपान, ब्राझील, इजिप्त यांच्या इमारती तिथे कायमच्या उभ्या असताना भारताची इमारत का नाही? आणि विदर्भातला चित्रकार तिथपर्यंत पोहोचतो तो कोणत्या वाटेने? प्रदर्शनांची मांडणी आणि चित्रांची ने-आण हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तरात कलेइतकाच भाग व्यवस्थेचा, पैशाचा आणि खोक्यांचा येईल, कारण या दालनाचा इतिहास बराचसा त्यांनीच घडवलेला आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की दोन्ही विधाने आपापल्या जागी बरोबर आहेत. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत, म्हणजे १९५०च्या दशकापासून १९८२ पर्यंत, भारताने बिएनालेच्या काही आवृत्त्यांमध्ये अधिकृतपणे चित्रे आणि शिल्पे पाठवली. मात्र बिएनालेने दिलेल्या जागेत आपल्या देशातून आलेल्या कलाकृती लावणे एवढेच त्या सहभागाचे स्वरूप होते. एका क्युरेटरने एक भूमिका घेऊन कलावंत निवडावेत, त्यांच्यासाठी स्वतंत्र दालनाची रचना करावी, त्याला नाव आणि ग्रंथरूप पुस्तिका असावी, अशा आजच्या अर्थाने भारताचे पहिले दालन २०११ मध्ये, ५४व्या बिएनालेत झाले. १९८२ आणि २०११ यांच्यामध्ये जवळपास तीन दशकांची पोकळी आहे आणि २०११ नंतरही सलगता नाही. म्हणून या इतिहासात दालन कधी झाले यापेक्षा दालन मधल्या काळात का झाले नाही, हाच भाग अधिक बोलका आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी थोडे मागे जावे लागेल. व्हेनिसमध्ये हे प्रदर्शन १८९५ साली सुरू झाले तेव्हा राष्ट्रीय दालने नव्हतीच. जार्दिनी या सार्वजनिक बागेतील एका मोठ्या मध्यवर्ती इमारतीत इटालियन आणि परदेशी चित्रकारांची कामे लावली जात. परदेशी पाहुण्यांची संख्या वाढली, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा आयोजकांनी एक व्यवहारी तोडगा काढला: बागेत जागा आम्ही देतो, इमारत तुम्ही बांधा, तिची देखभाल तुम्ही करा आणि आत काय लावायचे तेही तुम्हीच ठरवा. बेल्जियमने १९०७ मध्ये पहिले दालन उभारले, १९०९ मध्ये हंगेरी, ब्रिटन आणि बव्हेरिया (जे पुढे जर्मनीचे दालन झाले) यांची भर पडली, १९१२ मध्ये फ्रान्सची आणि १९१४ मध्ये रशियाची. राष्ट्राभिमानाचे प्रतीक म्हणून आज आपण ज्या इमारतींकडे पाहतो त्यांच्या मुळाशी आयोजकांची जागेची आणि खर्चाची अडचण होती, हे विसरता कामा नये. ब्रिटनचे दालन तर बागेत आधीपासून असलेल्या एका चहा-कॉफीच्या उपाहारगृहाचे रूप पालटून तयार केलेले आहे.

पण एकदा इमारत उभी राहिली की तिला स्वतःचा इतिहास चिकटतो. जर्मनीचे दालन १९३८ मध्ये नाझी राजवटीने आपल्या अभिरुचीप्रमाणे उंच चौकोनी खांबांचे करून घेतले. १९९३ साली हान्स हाके या कलावंताने त्याच दालनातली संगमरवरी फरशी फोडून तिचे तुकडे तसेच पसरून ठेवले आणि प्रेक्षकांना त्या खडखडणाऱ्या तुकड्यांवरून चालायला लावले. त्या वर्षी सर्वोत्तम राष्ट्रीय दालनाचा सुवर्णसिंह जर्मनीला मिळाला. रशियाचे दालन २०२२ मध्ये कलावंतांनी आणि क्युरेटरने माघार घेतल्यामुळे बंद राहिले आणि २०२४ मध्ये ती इमारत बोलिव्हियाला वापरायला दिली गेली. कायमची इमारत म्हणजे जशी मिळकत, तशी जबाबदारीही असते.

भारताच्या दृष्टीने महत्त्वाचा काळ १९५२ ते १९६४ हा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जार्दिनीत नव्या दालनांची एक लाट आली: इजिप्त, इस्रायल आणि स्वित्झर्लंड १९५२ च्या सुमारास, पुढे व्हेनेझुएला, १९५६ मध्ये जपान आणि फिनलंड, १९५८ मध्ये कॅनडा, १९६२ मध्ये नॉर्वे-स्वीडन-फिनलंड यांचे सामाईक नॉर्डिक दालन आणि १९६४ मध्ये ब्राझील. नव्याने स्वतंत्र झालेले किंवा युद्धानंतर जगात पुन्हा मानाने उभे राहू पाहणारे देश या यादीत आहेत आणि त्यात भारत नाही. आपली ललित कला अकादमी १९५४ मध्ये स्थापन झाली, दिल्लीची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय ही संस्थाही त्याच वर्षीची. देशात आधुनिक कलेचे पहिले सरकारी छप्पर नुकतेच उभे राहत असताना आणि परकीय चलनाचा प्रत्येक पौंड मोजून वापरला जात असताना इटलीतल्या एका बागेत इमारत बांधण्याला अग्रक्रम मिळणे कठीण होते, असे माझे मत आहे. मी याला चूक म्हणणार नाही, पण तो दरवाजा पुढे जवळजवळ बंद झाला. १९६४ नंतर जार्दिनीत कायमची जागा मिळवू शकलेले देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यात १९८८ मध्ये ऑस्ट्रेलिया आला आणि १९९५ मध्ये दक्षिण कोरिया. कोरियाच्या दालनामागे नाम जून पाइक या व्हिडिओ-कलेच्या आद्य कलावंताची मोठी खटपट होती आणि बागेतली झाडे तोडायची नाहीत या अटीमुळे ती इमारत झाडांना वळसे घालत उभी राहिली. आज जार्दिनीत परदेशांची २९ दालने आहेत. कतारने अलीकडे आपल्या कायमच्या दालनाची घोषणा केली, त्यावरून ती जागा मिळवायला आता किती राजनैतिक आणि आर्थिक बळ लागते याची कल्पना यावी.

तथापि, जार्दिनीत इमारत नसणे म्हणजे बिएनालेत स्थान नसणे नव्हे. इटलीने मान्यता दिलेला कोणताही देश सहभागाची विनंती करू शकतो आणि जागा आर्सेनाले या जुन्या आरमारी गोदीत किंवा शहरातील एखाद्या वाड्यात भाड्याने घेऊ शकतो. काही देशांनी आर्सेनालेत दीर्घ मुदतीचे करार करून कायमची सोय लावून घेतली आहे. पुरस्कारांचा अनुभवही इमारतीच्या बाजूने साक्ष देत नाही. २०१३ मध्ये प्रथमच आलेल्या अंगोलाने भाड्याच्या वाड्यातल्या प्रदर्शनासाठी सुवर्णसिंह नेला, २०१५ मध्ये आर्मेनियाने सान लाझारो बेटावरच्या मठात, तर २०१९ मध्ये लिथुआनियाने एका आरमारी गोदामात भरवलेल्या कामासाठी. या तिन्ही देशांपैकी कोणाकडेही जार्दिनीत इमारत नव्हती. म्हणून ‘आपली इमारत नाही’ हे कारण मला तरी पुरेसे वाटत नाही.

१९६८ मध्ये ललित कला अकादमीने दिल्लीत स्वतःचे त्रैवार्षिक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन सुरू केले, तेव्हा अकादमीची धुरा मुल्कराज आनंद यांच्याकडे होती. तिथेही व्हेनिसप्रमाणेच देशवार विभाग होते, म्हणजे इतर राष्ट्रांना आपल्या अंगणात बोलावण्याचा अनुभव आपल्याला होता. परंतु व्हेनिसला जाण्याचा रेटा ओसरत गेला आणि १९८२ नंतर तो थांबलाच. नव्वदच्या दशकात भारतीय चित्रकलेला बाजार मिळू लागला, कलावंत एकेकटे परदेशी प्रदर्शनांत दिसू लागले आणि २००५ मध्ये ‘आयकॉन’ या नावाने समकालीन भारतीय कलेचे एक प्रदर्शन बिएनालेच्या काळात व्हेनिसमध्ये भरलेही, पण ते खासगी पुढाकारातून आणि समांतर कार्यक्रम म्हणून. शासनाचा शिक्का त्यावर नव्हता.

२०११ चे दालन ललित कला अकादमीने उभे केले. त्या वेळी अकादमीचे अध्यक्ष हिंदी कवी अशोक वाजपेयी होते आणि क्युरेटर म्हणून मुंबईचे कवी व कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांना नेमले गेले. जागा आर्सेनालेत मिळाली. ‘एव्हरीवन अग्रीज: इट्स अबाउट टू एक्स्प्लोड’ हे दालनाचे नाव, आणि कलावंत चार: झरिना हाश्मी, गिगी स्कारिया, प्रणीत सोई आणि गुवाहाटीचे डिझायर मशीन कलेक्टिव्ह, म्हणजे सोनल जैन आणि मृगांक मधुकैल्य ही जोडी. ही निवड बारकाईने पाहिली पाहिजे. लिलावात कोटींची बोली लागणारी जी नावे त्या काळात भारतीय कलेचा चेहरा म्हणून जगभर मिरवली जात होती, त्यांतले एकही या यादीत नव्हते. झरिना अलीगढच्या, पण आयुष्याचा मोठा काळ न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या. सोई कोलकाता आणि ॲम्स्टरडॅम यांच्यात विभागलेले. स्कारिया मूळ केरळचे, दिल्लीत काम करणारे. आणि ईशान्य भारत तर आपल्या राष्ट्रीय कलाचर्चेत क्वचितच डोकावणारा. राष्ट्रीय दालनातून ‘राष्ट्र म्हणजे नेमके कोण’ हा प्रश्न विचारण्याचा होस्कोटे यांचा हेतू त्या निवडीतूनच दिसतो.

स्कारिया यांच्या मांडणशिल्पात प्रेक्षक लिफ्टसारख्या एका धातूच्या खोलीत शिरत असे, दार बंद होई, आणि तिन्ही भिंतींवरच्या चित्रफितीतून तळघरातल्या वाहनतळापासून गच्चीपर्यंतचे मजले एकामागून एक सरकत जात. प्रत्यक्षात खोली जागची हलत नसे. एका महानगरातल्या सगळ्या आर्थिक थरांमधून उभा प्रवास घडवणारी ती रचना होती. झरिना यांची ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही लाकडी ठशांची छत्तीस छापचित्रांची मालिका मात्र याच्या अगदी उलट स्वभावाची होती. प्रत्येक कागदावर एक उर्दू शब्द आणि त्या शब्दाला उत्तर देणारी मोजक्या काळ्या रेषांची आकृती, एवढाच तिचा संसार. आमच्या विद्यार्थ्यांना मी ही मालिका आवर्जून दाखवतो, कारण ठसा घेताना शाई किती धरावी आणि कागद किती मोकळा सोडावा याचा इतका संयमित नमुना दुसरा सहज सापडत नाही.

दालनाचे स्वागत चांगले झाले, आता हा पायंडा पडेल असे आम्हा सर्वांना वाटले होते. २०१३ मध्ये भारत गेला नाही.

२०१५ मध्येही अधिकृत दालन नव्हते. त्या वर्षी गुजराल फाउंडेशनने ग्रँड कनालवरच्या एका वाड्यात भारताच्या शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानचे रशीद राणा यांना एकत्र आणणारे समांतर प्रदर्शन भरवले. ज्या दोन देशांची राष्ट्रीय दालने नव्हती त्यांच्या कलावंतांनी एकच छत वापरले, ही त्या प्रदर्शनाची खरी खुमारी होती. बिएनालेच्या स्वतःच्या, म्हणजे मुख्य प्रदर्शनात दिल्लीच्या रक्स मीडिया कलेक्टिव्ह या कलावंतगटाची वसाहतकालीन पुतळ्यांवर भाष्य करणारी शिल्पे जार्दिनीच्या झाडांमध्ये उभी होती. आणि नागपूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा, जरी त्यांची घडण मुंबईत झाली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकन भरवले होते, ते प्रदर्शन ऑक्टोबर २०१५ मध्ये व्हेनिसच्या पेगी गुगेनहाइम संग्रहात आले आणि बिएनाले संपेपर्यंतचे काही आठवडे दोन्ही एकाच वेळी खुले होते. भारताचे दालन नसलेल्या वर्षी, त्याच शहरात, ग्रँड कनालच्या काठावर नागपुरात जन्मलेल्या चित्रकाराला जगातल्या एका अग्रगण्य संस्थेने अख्खे प्रदर्शन वाहिले होते. कला पोहोचत होती, ती पोहोचवणारी संस्था आपली नव्हती.

२०१९ चे दालन गांधीजींच्या १५०व्या जयंतीच्या निमित्ताने झाले. सांस्कृतिक मंत्रालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, भारतीय उद्योग महासंघ आणि किरण नाडर कला संग्रहालय असे सरकारी आणि खासगी हात त्यात एकत्र आले. क्युरेटर रूबिना करोडे होत्या आणि नाव होते ‘अवर टाइम फॉर अ फ्यूचर केअरिंग’. नंदलाल बोस, अतुल डोडिया, जी. आर. इरण्णा, रुम्माना हुसेन, जितीश कल्लाट, शकुंतला कुलकर्णी आणि आशिम पुरकायस्थ अशी सात नावे होती. जयंतीच्या निमित्ताने होणारी प्रदर्शने सहसा चरखा आणि चष्मा यांच्यात अडकतात. हे दालन तसे अडकले नाही याचे श्रेय निवडीला द्यावे लागेल. इरण्णा यांनी शेकडो लाकडी पादुका एका भिंतीवर गर्दीसारख्या चढवल्या होत्या आणि त्यांवर वेगवेगळ्या व्यवसायांच्या खुणा सांगणाऱ्या लहान वस्तू जडवल्या होत्या. शकुंतला कुलकर्णी यांची वेताने विणलेली चिलखते स्त्रीच्या देहाला संरक्षण देतात की कोंडतात, याचे उत्तर त्या मुद्दाम देत नाहीत.

या दालनाचा गाभा मात्र नंदलाल बोस यांची हरिपुरा चित्रे हाच होता. आपल्या खानदेशातील फैजपूरला १९३६ च्या अखेरीस काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले, त्याची सजावट गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालांनी स्थानिक साहित्यातून केली होती. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली गुजरातेत हरिपुऱ्याला अधिवेशन भरले तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास फलक केले: शिंपी, सुतार, ढोलकवाला, धान्य कांडणारी बाई, बैल हाकणारा शेतकरी. कमानींवर आणि मंडपात लावण्यासाठी केलेली, चालता चालता खेड्यातल्या माणसाने पाहावीत अशी ही चित्रे. टेम्पराचे सपाट रंग आणि जाड, वेगवान बाह्यरेषा.

इथे माझ्या व्यवसायाचा मुद्दा येतो. नंदलाल बोस हे ज्या मोजक्या चित्रकारांच्या कृती भारतीय कायद्याने ‘कलानिधी’ ठरवल्या आहेत त्यांपैकी एक आहेत. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार अशा कृती केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था यांच्याखेरीज कोणालाही देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे खासगी प्रतिष्ठानाने कितीही पैसा ओतला तरी हरिपुरा चित्रे व्हेनिसला न्यायची तर सरकारच हवे. मूळ चित्रे प्रामुख्याने राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या ताब्यात, आणि त्याच संग्रहालयाचे महासंचालक दालनाचे कमिशनर, म्हणजे देशाच्या वतीने दालनाची अधिकृत जबाबदारी घेणारे. त्यामुळेच ती गाठ जुळली.

कागदावरचे काम एवढ्या लांब पाठवणे म्हणजे काय, हे नागपुरात काम करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मे महिन्यात आपल्याकडची कोरडी हवा हातकागदाच्या कडा वळवते. त्यावर उपाय म्हणून दालनात कूलर लावला की दमट वाऱ्याने तोच कागद फुगतो आणि पावसाळ्यात चौकटीच्या आत बुरशीचे ठिपके उमटतात. व्हेनिस तर खाजणातच वसलेले शहर. म्हणून प्रत्येक चित्र निघण्यापूर्वी एका बाजूने तिरपा प्रकाश टाकून त्याची तपासणी करतात, रंगाचा प्रत्येक पापुद्रा, प्रत्येक घडी छायाचित्रावर खुणेने नोंदवतात, आणि पोहोचल्यावर तोच कंडिशन रिपोर्ट हातात धरून पुन्हा ताडून पाहतात. खोक्याचे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केल्याचा आयएसपीएम १५ चा शिक्का नसेल तर खोका बंदरावरच अडतो. विक्रीसाठी नसलेल्या वस्तू तात्पुरत्या नेऊन परत आणण्यासाठी जो एटीए कार्नेट हा सीमाशुल्काचा परवाना लागतो तो भारतात फिक्की ही उद्योग-व्यापार संघटना देते. व्हेनिसमध्ये मोटारी शहराच्या वेशीवर थांबतात. पुढचा प्रवास मालवाहू नावेतून, भरती-ओहोटी पाहून. मांडणी झाल्यावर कागदावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) अधिक प्रकाश पडू द्यायचा नाही, आणि ही खबरदारी सहा-साडेसहा महिने, रोज, पगारी राखणदार ठेवून घ्यायची. या कामांना टाळ्या मिळत नाहीत, पण दालनाच्या खर्चाचा मोठा भाग इथेच जातो.

त्याच दालनात जितीश कल्लाट यांचे ‘कव्हरिंग लेटर’ होते, आणि त्याचा धागा थेट आपल्या परिसरात येतो. अंधाऱ्या मार्गिकेत वरून खाली उतरणाऱ्या धुक्याच्या पडद्यावर एका पत्राची अक्षरे प्रकाशाने उमटत, सरकत, विरत. पत्र गांधीजींनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेले, युद्ध टाळण्याची विनंती करणारे, अवघ्या काही ओळींचे. प्रेक्षक त्या धुक्यातून आरपार चालत जाई तेव्हा मजकूर त्याच्या अंगावर क्षणभर पडे आणि मोडे. पत्राच्या माथ्यावरचा पत्ता वर्ध्याचा, मध्य प्रांतातला, ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती. ब्रिटिश सरकारच्या आडकाठीमुळे ते पत्र हिटलरपर्यंत गेले नाही. ऐंशी वर्षांनी, जर्मन दालन ज्या शहरात आहे त्या शहरात, तो वर्ध्याचा पत्ता हजारो लोकांनी वाचला.

यानंतर २०२२ आणि २०२४ या दोन्ही आवृत्त्यांत भारत पुन्हा गैरहजर राहिला. २०२६ च्या ६१व्या बिएनालेसाठी मात्र सांस्कृतिक मंत्रालयाने पुनरागमन जाहीर केले. क्युरेटर अमीन जाफर, आणि कलावंत अलवार बालसुब्रमण्यम, सुमाक्षी सिंग, रंजनी शेट्टर, असीम वकीफ आणि लडाखचे स्कर्मा सोनम ताशी. घरापासूनचे अंतर आणि घराची आठवण हा विषय. सोबत पुन्हा दोन खासगी संस्था, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर आणि सेरेंडिपिटी आर्ट्स फाउंडेशन.

२०११ ला अकादमी, २०१९ ला संग्रहालय, उद्योग महासंघ आणि एक खासगी संग्रहालय, २०२६ ला मंत्रालय आणि आणखी वेगळे भागीदार: तिन्ही वेळा दालन उभे करणारा चमू निराळा. माझ्या मते अडचणीचे मूळ इथे आहे. ब्रिटनचे दालन १९३८ पासून ब्रिटिश कौन्सिल सांभाळते. जपानचे काम जपान फाउंडेशन पाहते. अमेरिकेचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटावे, कारण तिथली इमारत १९३० मध्ये एका खासगी कलादालनाने बांधली, १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती विकत घेतली आणि १९८६ मध्ये ती गुगेनहाइमकडे गेली. म्हणजे पैसा सरकारी असो की खासगी, सातत्य ठेवणारी एक संस्था ठरलेली होती. जुन्या दालनाची कागदपत्रे, वाहतूकदारांशी जुळलेले संबंध, कोणत्या गोदीत कोणत्या दाराने खोका जातो याची माहिती तिच्या कपाटात राहते. आपण मात्र दर वेळी नवे मंडळ स्थापून नव्याने वर्गणी गोळा करतो. त्यात बिएनाले उघडते एप्रिल-मेमध्ये, आपले आर्थिक वर्ष संपते मार्चअखेर. सगळा मोठा खर्च नेमका दोन अर्थसंकल्पांच्या सांध्यावर येतो. सरकारी खात्याबरोबर काम केलेल्या कोणालाही या सांध्याचा अर्थ कळेल. क्युरेटर दीड-दोन वर्षे आधी ठरला पाहिजे, आणि आपल्याकडे ते सहसा होत नाही. खासगी भागीदारीला माझा विरोध नाही, मात्र जो पैसा देतो तोच निवड करतो अशी स्थिती येऊ नये यासाठीसुद्धा स्थायी संस्था लागते.

तिसरा प्रश्न विदर्भातल्या चित्रकाराचा. इथे २०२४ चे उदाहरण पुरेसे बोलके आहे. आद्रियानो पेद्रोसा यांनी मांडलेल्या त्या वर्षीच्या मुख्य प्रदर्शनातील ऐतिहासिक विभागात सय्यद हैदर रझा होते आणि बी. प्रभा होत्या. रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, मग मुंबईला गेले. प्रभा यांचा जन्म १९३३ चा, नागपूरजवळच्या बेल्याचा. त्याही याच शाळेतून पुढे जे. जे. मध्ये गेल्या आणि २००१ मध्ये त्यांचे निधन नागपुरातच झाले. एकाच शहरातील एका लहान कलाशाळेचे दोन विद्यार्थी त्या भिंतींवर असताना भारताचे दालन मात्र नव्हते. त्याआधी २०२२ मध्ये चेचिलिया आलेमानी यांच्या मुख्य प्रदर्शनात प्रभाकर पाचपुते होते. चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळशाच्या खाणींच्या गावचा हा चित्रकार खैरागढ आणि बडोदा इथे शिकला, खाणकामगारांच्या देहांची आणि उकरलेल्या जमिनीची चित्रे थेट भिंतीवर कोळशाने काढू लागला, साओ पाउलो आणि कोची इथल्या द्वैवार्षिकांतून पुढे आला आणि मग व्हेनिसला पोहोचला. त्याच्या कामातली जमीन सास्तीचीच राहिली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तेव्हा वाटा तीन आहेत. मुख्य प्रदर्शनात बिएनालेने नेमलेला क्युरेटर निमंत्रण देतो. तिथे कलावंताने अर्ज करायचा नसतो. राष्ट्रीय दालनात निवड त्या देशाचा कमिशनर आणि क्युरेटर करतात. समांतर कार्यक्रम ना-नफा संस्थांनी बिएनालेकडे प्रस्ताव पाठवून, ठरलेले शुल्क भरून आणि मान्यता घेऊन करायचे असतात; हे शुल्क संस्था भरते, कलावंत नव्हे. ही माहिती मी मुद्दाम देतो, कारण बिएनालेच्या महिन्यांत व्हेनिसमध्ये भाड्याच्या खोल्यांतून असंख्य इतर प्रदर्शने भरतात आणि त्यांची इंग्रजी निमंत्रणे नागपूरपर्यंत येतात. भिंतीच्या मीटरमागे युरो मागणारे असे एक पत्र माझ्या ओळखीच्या एका तरुण चित्रकाराने फ्रेम करून ठेवले होते आणि त्यासाठी कर्ज काढायच्या बेतात होता. निमंत्रणासोबत पैशांची मागणी असेल तर बिएनालेच्या अधिकृत संकेतस्थळावरील सहभागी देशांच्या आणि समांतर कार्यक्रमांच्या यादीत त्या प्रदर्शनाचे नाव शोधावे. नाव नसेल तर ते व्हेनिसमधले प्रदर्शन आहे, व्हेनिस बिएनाले नव्हे, आणि त्याचा उल्लेख आपल्या परिचयपत्रात तसाच करावा.

आपण विद्यार्थिनी आहात म्हणून शेवटची सूचना कामाची: प्रत्येक चित्राचे वर्ष, माप, माध्यम, कागदाचा किंवा कॅनव्हासचा प्रकार आणि पाठीमागची बाजू यांची छायाचित्रांसह नोंद आजपासूनच ठेवा. क्युरेटर निवडीच्या वेळी आणि वाहतूकदार खोका बांधताना पहिल्यांदा हेच मागतात, आणि आपल्याकडच्या कित्येक चांगल्या चित्रकारांच्या कृती या नोंदींअभावी घरातच राहिल्या आहेत.